दुसरा राऊंड

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि कुठे कोणती वेलांटी द्यावी हे मला अजून कळत नाही. ज्याच्या हाती ही पानं पडतील त्याने तेवढं सांभाळून घ्यावं. पल्लवीबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी पेनाला हात लावला नसता. पेपरात तिचा फोटो एकदाच आला. तोही जिंकलेल्या मुलीच्या मागे, अर्धा कापलेला.

पल्लवी माझी नणंद. आमचं घर सावरगावात, पुलापलीकडे पांढुर्णा. सकाळी ती पूल ओलांडून मैदानावर जायची तेव्हा पायात झिजलेली चप्पल असायची आणि धावायचे बूट हातातल्या पिशवीत. मैदानाच्या कडेला बसून बूट घालायची. धावून झालं की काढायची, तळ फडक्याने पुसून पुन्हा पिशवीत ठेवायची. रस्त्यावर चिखल असो की तापलेलं डांबर, बूट पिशवीतच. मी नवी नवरी असताना एकदा विचारलं, काहून गं असं? तर म्हणाली, "बूट शेठजीचे आहे, वहिनी. पाय तेवढे माझे."

शेठजी पांढुर्ण्यातले संत्र्याचे व्यापारी. त्यांची नेहा आणि आमची पल्लवी एकाच सरांकडे आठशे मीटर धावायच्या. आठशे मीटर म्हणजे मोठ्या मैदानाचे दोन राऊंड. दोघींत जोरात कोण धावते हे मैदानावरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. सरांनी शेठजींशी बोलून ठरवलं की पल्लवीचे बूट, दूध-अंडी, स्पर्धेचं भाडं शेठजी देतील. बदल्यात पहिला राऊंड पल्लवीने पुढे राहून ओढायचा, वारा आपल्या अंगावर घ्यायचा. नेहाने तिच्या आडोशाने धावायचं. दुसऱ्या राऊंडला वळण आलं की पल्लवीने कमरेवर हात ठेवून बाजूला व्हायचं, म्हणजे दम नेहाचा उरायचा आणि पदकही.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीले रोज अंडं भेटून राहिलं, अजून काय पाहिजे?" पल्लवी तेव्हा शाळेत होती. तिने मान हलवली.

मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून स्पर्धेला मी सोबत जायचे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसायचे. पल्लवी पहिल्या राऊंडला वाऱ्यासारखी जायची आणि मग कमरेवर हात. बाजूच्या बाया म्हणायच्या, "दम नाही वो पोरीत. भडकते अन् विझते." मी खाली मान घालून ऐकायचे. नेहा वाईट नव्हती. जिंकल्यावर दरवेळी पल्लवीच्या गळ्यात पडायची. त्या पदकाचा आमच्या पोरीच्या अंगाला तेवढाच स्पर्श व्हायचा. परत येताना पल्लवी हसायची, "पहिल्या राऊंडमदी मले आजपावतो कोणी हरवलं नाही वहिनी, पाह्यजा."

मग सौंसरची स्पर्धा आली. त्यातून पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. दुसरा राऊंड सुरू झाला, वळण आलं, आणि पल्लवीचा हात कमरेवर गेलाच नाही. ती धावतच राहिली. नेहा मागे, मग आणखी मागे. सर उठून उभे राहिले. शेठजी खुर्चीतच होते, कोणी ओरडलं नाही. शेवटची रेघ समोर होती. मी पिशवी छातीशी धरली होती. तेवढ्यात पल्लवीने खाली पाहिलं आणि ती थांबली. पाठीमागून नेहा आली आणि रेघ ओलांडून गेली.

बसमध्ये मी विचारलं, "कायले थांबली?"

"मी विसरलीच होती वहिनी. मंग बूट दिसले."

"मग बिनबुटाची धाव. आपल्या पायानं."

"बूट काढून देता येते. अंडे तर मांडीत गेले, ते कुठून काढू?" सौंसर मागे पडल्यावर म्हणाली, "आधी पैसे फेडीन. मंग दुसरा राऊंड माझा."

आजवर किती खर्च झाला ते पल्लवीने विचारलं, तेव्हा शेठजींनी हसत हसत जो आकडा सांगितला, तेवढे पैसे आमच्या घरात कोणी एकत्र पाहिले नव्हते. "अवं पोरी, ते काय उधार थोडी होतं!" असंही म्हणाले. पण तिने थोडे थोडे करून समोर ठेवलेले पैसे उचलून खिशात घातले. पुढे तर दुकानात बसलेल्यांना सांगायचे, "पाहा, किती इमानदार पोरगी आहे आपली."

पल्लवी लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली, मोसमात संत्रा तोडायला. संध्याकाळी पाय उचलत नसत. मैदान आठवड्यातून एखाद्या दिवशी, मग तेही राहिलं. माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ, म्हणायचा, "फुकटचं भेटलेलं वापस करून राहिली. डोक्यावर पडली काय?" तिकडे नेहाला पदकांवर नोकरी लागली आणि तिने धावणं सोडलं.

फेडायचे थोडेच पैसे उरले तेव्हा पल्लवी सरांना भेटायला गेली. मी सोबत होते. म्हणाली, "सर, आता मी दोन्ही राऊंड धावते." सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आता पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला पल्लवी, पोरी नव्या आल्या. तुझं वय निघून गेलं." मग जरा थांबून म्हणाले, "येत असशील तर ये. पोरींना पहिला राऊंड काढून देशील."

पुलावर मी म्हटलं, "आता राहू दे बाई ते पैसे. कोणासाठी फेडतेस?"

"थोडे बाकी ठेवले तर सारंच त्याचं राहते, वहिनी."

आता ती तिगावला दिली आहे. ही धावायची हे तिथे कोणाला माहीत नाही, आणि ती सांगत नाही. मला मात्र तो शेवटचा दिवस दिसतो. शेठजींनी नोटा मोजल्या, म्हणाले, "झालं." पल्लवी दुकानाच्या पायरीवर बसली, पिशवीतून बूट काढले आणि घातले. एका बुटाचा तळ उकलला होता. बाजारातून, पुलावरून, थेट आमच्या दारापर्यंत तो फटफट वाजत राहिला. लोक वळून बघत होते. तिने बूट काढले नाहीत. पैसे पुरे फिटले होते.