ओल्या फडक्यातले दहा दाणे

बहात्तरच्या दुष्काळात नंदनवन वस्तीतल्या आमच्या रेशन दुकानात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळू लागली. एकदा रांगेत माझ्यापुढे सावनेरकडची एक म्हातारी होती. तिने फक्त दहा दाणे मागितले आणि ओल्या फडक्यात बांधले.

"काहून वं माय, पेरतं का?" दुकानदार हसला.

"ढोराचा दाणा म्हनून राहिले लोकं. नात नुसत्या पेजेवर हाये. मेला दाणा तिले कसा चारू गा?"

तिच्या गावी बियाणे असेच, ओल्या फडक्यात कोंब येतो का ते पाहून, पारखत; तिसऱ्या दिवशी फडके घेऊन परत येते, असे ती म्हणाली. तीन आठवडे ती ज्वारी मी फक्त नीट तोलून घेत होतो. ती जिवंत आहे का, हे पाहायचे मला सुचले नव्हते. म्हणून तिसऱ्या दिवशी मीही मुद्दाम दुकानात गेलो. तिने फडके उलगडले. मी मोजले. सात दाण्यांना पांढरे कोंब होते.

"तीन नाही उगवले, आजी."

"आमच्या घरच्या बियातले बी तीन मरतेतच, भाऊ."

मग तिने पिशवीचे तोंड दोन्ही हातांनी ताणून दुकानदारापुढे धरले.

"भर गा लवकर. पोरगी वाट पाहून राहिली."