अप्पांचं तीर्थ

भावाच्या हाडांत माझा मगज भरला होता. डॉक्टर त्याला बोन मॅरो म्हणत. आमच्या उदगीरच्या घरात सगळे मगजच म्हणायचे. तो जगला तर मी जिंकले, मेला तर मी मेले, इतकं सरळ माझं गणित होतं. हैदराबादहून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "पेशींनी मूळ धरलंय. आता पेशंटनं जीव धरायला हवा. मन मारून बसला, जेवला नाही, तर औषध एकटं काय करील?"

आणि घरी आल्यावर तो नेमका मन मारून बसला. भिंतीकडे तोंड. तीन आठवडे ना बोलणं, ना धड जेवण. लाडीगोडी झाली, शिव्या झाल्या. एकदा वरणाची वाटी मी त्याच्यासमोरच्या भिंतीवर फेकून मारली, तरी त्यानं मान वळवली नाही. वरण मलाच पुसावं लागलं.

साल दुष्काळाचं. टँकरच्या पाइपाशी घागरीनं डोकी फुटायची. मीही एकीच्या झिंज्या उपटल्यात आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्यात उदगीरचा वेगळा जिल्हा करा म्हणून बंद. चौकात टायर जळत होते, टँकरची काच फुटली, तो आल्या पावली परत गेला. पिंपाच्या तळाचं पाणी मी वीस मिनिटं उकळून भावाला द्यायचे. त्याच्या अंगात जंतूंशी लढायची ताकदच नव्हती.

त्या सकाळी खोलीच्या दाराशी आले, तर अप्पा, म्हणजे आमचे वडील, तांब्या घेऊन त्याच्या उशाशी. आम्ही लिंगायत; आमच्या गुरूंचे, जंगमस्वामींचे पाय धुतलेलं तीर्थ घेतल्याशिवाय आमच्या घरात कुणी ताटावर बसत नसे. भावाला मात्र मी ते बंद केलं होतं. भाऊ ओंजळ करून बसला होता.

"उकळलंय का?" मी ओरडले.

"तीर्थ कुठं उकळतेत व्हय, बाई?"

मी तांब्या ओढला. अप्पा सोडेनात. मी त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं, भळाभळा रक्त आलं, तीर्थ फरशीवर सांडलं. तेवढ्यात भाऊ उठला आणि फाडकन माझ्या थोबाडीत बसली.

"अप्पावर हात टाकतीस? तीर्थ म्याच मागितलं! तीन हप्ते झालं, मला कुणी माणसावानी शिवलं न्हाई. हातमोजे घालून ढोराला वैरण टाकल्यावानी ताट टाकतीस. तीर्थाबिगर घास कसा उतरंल?"

गाल जळत होता. मी उलटा हात उगारलाही. मग ध्यानात आलं, कालपर्यंत त्याच्या हाताला पेला उचलत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी खाली बसून रडले.

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं आणि रिकामा तांब्या उचलून ते बाहेर पडले. तासाभरानं त्या बंदमधून पायी परत आले ते थेट स्वयंपाकघरात. स्वामींकडून नव्यानं आणलेलं तीर्थ तांब्यातून पातेल्यात ओतलं, स्टोव्ह पेटवला.

"किती येळ?"

"वीस मिनिटं."

या माणसानं उभ्या जन्मात तीर्थाचा थेंब जमिनीवर पडू दिला नव्हता. पाणी खळखळू लागलं तसं त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वीस मिनिटं तसेच उभे राहिले. मग निवल्यावर, साबणानं हात धुऊन, त्यांनी ते भावाच्या ओंजळीत घातलं.

भाऊ प्याला. ओले हात डोळ्यांना लावले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, भाकर आण."