इझाबेलबाईंचे दोन घोडे

सवरिमुत्तू सार मद्रासच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत आणि चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपला की लोकांना सांथोमच्या गल्ल्यांतून जुनं शहर दाखवत हिंडत. मी युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात होते. त्यांना पुस्तकं काढून देणं माझं काम. ती परत मिळवणं त्याहून मोठं काम. "कनका, इतिहासाला घाई नसते," असं म्हणत ते आणखी दोन घेऊन जायचे.

त्यांची फेरी समुद्राजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये, एका थडग्याशी हमखास थांबायची. दगडावर इझाबेल हे नाव, १७४१ साल आणि खाली लॅटिनमध्ये एवढंच शाबूत उरलेलं: 'वाट पाहते आहे'. बाकीचं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं. सार समुद्राकडे हात करून सांगत, की हिचा कप्तान नवरा जहाज घेऊन गेला तो परतलाच नाही. वाट बघून बघून ही झिजली. नवरा कप्तान होता हे चर्चच्या जुन्या वहीत होतं. उरलेलं सारांनी मायेनं भरलं होतं. अकरा वर्षं बायका तिथे पदर डोळ्यांना लावत होत्या.

मग १९८३ साली त्यांना जुन्या दप्तरात तंजावूर दरबाराचा एक मोडी कागद दिसला. त्यात इझाबेलचं नाव आहे, एवढं कारकुनानं बाहेर इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. सारांना मोडी येत नव्हती. आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अनंतकृष्णरावांना, येत होती आणि निवृत्त झाल्यापासून ती कुणाला तरी वाचून दाखवायला ते आसुसले होते. तेव्हा कागदाची प्रत घेऊन सार तिरुवल्लिकेणीत आमच्या घरी आले. बरोबर त्यांच्या पत्नी आरोक्यम अम्मा होत्या.

अप्पांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला.

"सार, तुमची बाई वाट पाहत नाही. भांडते आहे."

"कुणाशी?"

"दरबाराशी. साल १७३३. नवरा गेल्या वर्षी घरीच तापानं वारला, घोड्यांचा व्यापार आता मीच बघते, म्हणते. तुमच्या माणसांनी दोन घोडे नेले आणि लंगडे करून परत पाठवले."

सार कागदावर वाकले. मग म्हणाले, "तर मग दगडावर ती कुणाची वाट पाहते?"

आरोक्यम अम्मा कॉफी निववत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची. दर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत आपण तेच तर म्हणतो. लहानपणी लॅटिनमध्ये म्हणायचो. शब्दसुद्धा तोच."

अप्पांनी हसू लपवायला उगाच खिडकी उघडली.

फेरीला येणाऱ्यांची नावं-पत्ते सार एका वहीत लिहून घेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला पोस्टकार्ड लिहायला घेतलं: 'मी आपल्याला चुकीच्या कारणासाठी रडवलं. क्षमा असावी.' खाली घोड्यांची हकीकत.

"कुणाला कळणार होतं?" अप्पांनी विचारलं.

"मला कळलंय ना," सार म्हणाले आणि पुढचं कार्ड ओढलं.

उत्तरं फार आली नाहीत. अड्यारच्या एका जोडप्यानं मात्र रागानं लिहिलं, की तुमची गोष्ट ऐकून आम्ही मुलीचं नाव इझाबेल ठेवलं, आता काय करायचं? सारांनी उलट टपाली कळवलं, की नाव राहू द्या. दरबाराला जाब विचारणारी बाई आहे ती. पुढे ती मुलगी वकिलीच्या परीक्षेला बसली, याचं श्रेय सार स्वतःकडे घेत.

फेऱ्या शेवटपर्यंत चालू राहिल्या. थडग्याशी आले की ते आधी स्वतःची चूक सांगत, मग अप्पांचा आवाज काढून तक्रार वाचून दाखवत. १९९२मध्ये मी एकदा गेले होते. सगळे हसले, एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या नाराज दिसल्या.

"मी पूर्वी आले होते," त्या म्हणाल्या. "ती गोष्ट चांगली होती हो."

"मलाही तीच आवडते," सार म्हणाले आणि सगळ्यांना चर्चच्या घंटाघराकडे घेऊन गेले.