घरटी एक माणूस

आमच्या गावात सामाईक काम निघालं की घरटी एक माणूस जातो. नाल्यावरचा बांध फुटला, घरटी एक. कुणाचं छप्पर शाकारायचं आहे, घरटी एक. मयताला तर घरातलं एक माणूस गेलंच पाहिजे, नाहीतर लोक वर्षभर टोमणे मारतात. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. पावसावरची शेती, थोडी मोहफुलं, थोडी चारोळी, आणि उरलेले महिने खालच्या केळीच्या बागांत मजुरी. अख्ख्या घराने एकाच कामाला जाणं तिथे कुणाला परवडत नाही, म्हणून ही पद्धत मला अजूनही शहाणपणाची वाटते. आणि तरीही तिच्यावर माझा जेवढा राग आहे, तेवढा कुठल्या माणसावर नाही.

मी दहावीत होते तेव्हा गावात सिकलसेलची तपासणी आली. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आजार. त्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात, हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होत जातं. गाडीतून आलेल्या माणसांनी देवळासमोर सगळं समजावून सांगितलं. हा आजार कुणाच्या उष्ट्याने लागत नाही, तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त तो पुढे मुलांना देऊ शकतो. त्याला गावात लगेच ‘निम्मं’ असं नाव पडलं. दोघांकडून आला तर मात्र आजार. म्हणून लग्नाआधी तपासा, दोन निम्मे एकत्र येताहेत का ते बघा. गावाने मान डोलावून ऐकलं, चहा पाजला, आणि मग घरटी एक माणूस पाठवला.

गाडीतली बाई सांगून थकली की सगळ्यांना आणा. आमचे कारभारी नाना तिला शांतपणे म्हणाले, “एक घरनं रगत एकच ऱ्हास, बाई. बठ्ठास्ले कसाले टोचतस?” एका घराचं रक्त एकच असतं, मग सगळ्यांना कशाला टोचायचं; त्यांना वाटलं, आपण सरकारचे कष्ट वाचवतो आहोत.

आमच्या घरातून मी गेले. अक्का, माझी थोरली बहीण, आबांबरोबर बागेत केळीचे घड वाहायला गेली होती, माय घरी कामात होती, आणि मी आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली, म्हणजे घरातलं सगळ्यात बिनकामाचं माणूस. मी बोट पुढे केलं. महिन्याभराने निरोप आला की माझ्यात काही नाही, निम्मंसुद्धा नाही. त्या दिवसापासून आमचं घर ‘साफ’ ठरलं. माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. तो हातपाय ठणकतात म्हणून रडत रडत, पिवळ्या डोळ्यांनी गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. घर साफ निघाल्यावर माय म्हणाली, म्हणजे त्याला दुसरंच काहीतरी होतं. त्या पोराच्या दुखण्याला मिळू पाहणारं नावही माझ्या रक्ताने पुसून टाकलं.

पुढे मी कॉलेजला जळगावला आले, वसतिगृहात राहिले. माझ्या परीक्षा चालू असताना अक्काचं लग्न ठरलं, शिरपूरच्या वरच्या एका पाड्यावर. लग्नाला मी दोन दिवस गेले, नाचले, जेवले, परत आले. बैठकीत काय बोलणं झालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही; धाकट्या मुलीला कोण सांगतं?

तेवढ्यात वर्गात आनुवंशिकतेचा धडा आला. सरांनी फळ्यावर चार खणांचा चौकोन काढला. दोन निम्मे आईबाप, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने चिठ्ठी: एखादं मूल साफ निघेल, एखादं आजारी, बाकीची निम्मी. एकाच्या चिठ्ठीवरून दुसऱ्याची कळत नाही. मग त्यांनी सांगितलं की हा दोष जंगलपट्टीतच इतका का टिकला. ज्याच्यात तो निम्मा असतो, त्याला हिवतापाचा जोरदार तडाखा सहसा बसत नाही. डासांच्या मुलखात निम्मी माणसं तगली, त्यांची पोरं वाढली, आणि दोषही वाढला. मी वहीवर पेन टेकवून तशीच बसले. लहानपणी दरवर्षी पावसाळा सरता सरता मला हिवताप यायचा. दात वाजायचे, गोधड्या पुरायच्या नाहीत, मग अक्का माझ्या अंगावर आडवी पडायची. तिला कधी ताप आल्याचं मला आठवत नाही. आपल्या घरात आपणच एक कच्ची निघालो असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटलं की मी कच्ची नव्हते, मी फक्त वेगळी होते. ज्या घरात सगळ्यांच्या रक्तात एक गोष्ट आहे आणि आपल्याच रक्तात नाही, त्या घरात आपण पाहुणे असतो की काय, असा वेडा विचार मनात आला आणि डोळे भरले. पण तोवर हा सगळा माझा तर्कच होता.

दिवाळीला मी अक्काकडे गेले. तिला पाचवा महिना लागला होता. चेहरा भरला होता, हसत होती, मला बघून अंगणातूनच ओरडली, “उनी व मनी वाळेल काडी!” मी सडपातळ, म्हणून ती मला वाळकी काडी म्हणायची. चहा पिताना मी बढाई मारायला तो चार खणांचा चौकोन दाजींना समजावून सांगायला लागले. ते हसून म्हणाले, “माहीत शे माले. माले निम्मं शे. पन तुमनं घर साफ शे ना, म्हनीसन घरनास्ले पटनं.”

मी विचारलं, आमचं घर साफ आहे हे कुणी सांगितलं? ते म्हणाले, तपासलंय ना तुमच्या गावात. आमच्या घरातून तपासलेलं माणूस एकच होतं, आणि ते त्यांच्यासमोर चहा पीत बसलं होतं.

अक्काची तपासणी करा, मी त्याच दिवशी म्हणाले. दाजींच्या आईने पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली: पहिलटकरीण आहे, सणाचा दिवस आहे, आणि शिकलेली बहीण घरात येऊन असलं बोलते. माझा स्वभाव गोड नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्याबद्दल लोक म्हणतात ते काही खोटं नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं की सण पुढच्या वर्षी येतो, पोटातलं पोर थांबत नाही. दाजी मात्र शहाणे. ते आईला म्हणाले, तपासून घेऊ, आपलं काय जातं?

शिरपूरच्या दवाखान्यात अक्काचं रक्त घेतलं. काही दिवसांनी कळलं: निम्मं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी तिघांना बसवून सांगितलं की बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. मोठ्या शहरात जाऊन पोटातच तपासता येतं. वेळ आहे, पण फार नाही. तपासल्यावर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कुणी जबरदस्ती करणार नाही. दाजी अक्काकडे बघत राहिले. अक्का पोटावर हात ठेवून म्हणाली, “जे येल शे, ते येल शे. मी परत धाडाव नही.”

मला तिचा संताप आला. नुसतं माहीत तरी करून घे, मी परत परत म्हणत होते, आणि ती परत परत नाही म्हणत होती. पालथ्या घड्यावर पाणी. आज वाटतं की ती मूर्ख नव्हती. माहीत झाल्यावर तिला जे ठरवावं लागलं असतं, ते तिला ठरवायचंच नव्हतं. तो तिचा हक्क होता. पण त्या दिवशी मी तिच्याकडून एकच वचन घेतलं: बाळ झालं की लगेच त्याचं रक्त तपासायचं. तिने मान हलवली आणि बसमध्ये माझ्यापासून वेगळी बसली.

मुलगी झाली. टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. आजार निघाला.

दाजींची आई फोनवर मला म्हणाली, “तुनी जीभ काळी शे.” त्याचं मला विशेष वाटलं नाही, म्हाताऱ्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. पण मागून अक्काचा आवाज येईल, ती सासूला गप्प करील, म्हणून मी फोन कानाला लावून थांबले, आणि तो आला नाही. ते मला फार लागलं.

त्यानंतर मी सुट्टीत गावी जाऊन घरोघर फिरले. घरटी एक पुरत नाही, हे सांगायला. नानांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मग गावाला हुकूम सोडला. पुढच्या तपासणीला आमच्या गावातली तान्ही पोरंसुद्धा रांगेत होती. आबा निम्मे निघाले, माय निम्मी निघाली. माय त्या दिवशी आपल्या गेलेल्या मुलासाठी पुन्हा एकदा रडली, आणि मी तिच्याजवळ बसले तर म्हणाली, तू जा, तुला काय कळणार. त्यानंतर गावात दोन सोयरिकी तपासणीमुळे थांबल्या, एक मात्र दोघांनी समजून उमजून केली. लोक आता आधी विचारतात. एवढं झालं, ते चांगलंच झालं. गंमत म्हणजे पंचक्रोशीत माझ्याइतकी तपासून साफ ठरलेली मुलगी दुसरी नसेल, पण मला स्थळ येईना. बहिणीचं तसलं निघालं ना, मग हिचंही रक्त त्याच घरचं. हसावं की रडावं! जळगावात नोकरी लागली, एक खोली घेतली, एका माणसाची भांडी घेतली. कॉलेजात दरवर्षी तो चौकोन मीच आता फळ्यावर काढते.

अक्काचा फोन यायचा, पण कारण एकच असायचं. ताप. या मुलांना साधा तापही धोक्याचा असतो. म्हणून मुलीला रोज जंतू मारणारं औषध चालू होतं, न्यूमोनियाची लस दिली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी अक्काला एक गोष्ट शिकवली होती: डाव्या बरगडीखाली बोटं दाबून प्लीहा चाचपायची. तिथे रक्त साठून गोळा वाढला तर पोर काही तासांत हातचं जातं. अक्का रोज सकाळी मुलीचं पोट चाचपायची. ताप आला की मला फोन करून आकडा सांगायची, मी काय करायचं ते सांगायची, ती ‘हा’ म्हणून ठेवून द्यायची. ना माझं काही विचारणं, ना तिचं काही सांगणं. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची, आणि महिना महिना वाजला नाही की त्याहून वाईट वाटायचं.

मुलगी दोनेक वर्षांची असताना एका सकाळी फोन आला. पोर पांढरी पडली होती आणि बोटांना गोळा लागत होता. मी म्हणाले, आंघोळ राहू दे, पूजा राहू दे, निघ. दाजींनी मोटारसायकलवर दोघींना घातलं. मी जळगावहून बस पकडून दुपारी पोचले तोवर शिरपूरला रक्त चढवायला सुरुवात झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या बोटांनी वाचवली. आजार आहे हे आधी माहीत नसतं तर ते पोट कुणी चाचपलं नसतं. अक्काने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्यासाठी बाकावर जागा केली. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत शेजारी बसलो, आणि शेवटच्या बसला मी परत आले.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी अक्काचा फोन आला. मी उचलल्या उचलल्या विचारलं, “ताप किती आहे?”

“नही व. ताप नही.”

“पोट बघितलंस?”

“पाह्यं. काहीच नही.”

“मग?”

“आसाच कया फोन.”

मागे मुलगी कोंबडीच्या पिलांवर ओरडत होती. इतकी वर्षं आमच्या दोघींत तापाशिवाय विषयच नव्हता. शेवटी अक्कानेच विचारलं, जेवलीस का, काय रांधलं आज? मी एकटीपुरता मऊ भात टाकला होता, सकाळपासून दुसरं काही करायचा उत्साह नव्हता. पण मऊ भात म्हटलं असतं तर ती पटकन म्हणाली असती, आजारी आहेस का? आणि त्या फोनवर मला आजाराचं नावच नको होतं. मी सांगितलं, शेवभाजी केलीय, चांगली झणझणीत. मग तिने विचारलं की रश्शात काय काय घातलंस, आणि मी भिंतीला टेकून बसले आणि न केलेल्या भाजीचा मसाला तिला सावकाश सांगत राहिले.