साहेबाच्या बाईचं नाव

टेकडीवरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत राखणदार काकांनी एका उभ्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. ओल्या दगडावर झिजलेली अक्षरं दिसतात, ही त्यांची युक्ती. कुठल्याशा संस्थानच्या पोलिटिकल एजंटाच्या हुद्द्यांच्याच सहा ओळी निघाल्या. खाली तान्हेपणीच गेलेली तीन मुलं आणि शेवटी ‘त्यांची पत्नी’. पुढची ओळ मातीत गेली होती. मी बोटांनी उकरायला लागले.

“नका उकरू ताई,” काका म्हणाले, “तेवढ्यावरच दगड उभा आहे.”

मी हात काढून घेतला. तीन लेकरं पुरून साहेबाच्या मेजवान्यांत हसत बसावं लागलेली ही बाई कोण, ते वीतभर खाली लिहिलेलं होतं. उन्हानं साहेबाचे हुद्दे सुकले. पाणी तेवढं ओघळत तिच्या नावापर्यंत गेलं.