जनीला वर नेलं

आमचा पाडा उठला त्या दिवशी चार ट्रक आले होते. एकात भांडी, एकात कौलं आणि वासे, एकात गुरं, शेवटच्यात आम्ही. धरणाची भिंत बांधून झाली होती, पाणी चढायला वेळ होता. माझी बायको जनी ट्रकात पाड्याकडं पाठ करून बसली. बायांना वाटलं, तिला बघवत नाही. तसं नव्हतं. ती माझ्यावर रागावली होती. पेठचा घाट ओलांडेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या ट्रकात माझ्यासोबत बसलेल्यांसाठी हे लिहितोय, आणि जे बसले नाहीत, वर डोंगरावर राहिले, त्यांच्यासाठी. मी चौथीपर्यंत शिकलो. चुकेल ते सांभाळून घ्या. जनी माघात गेली. तिला मी कुठं नेलं यावर नाशकात आणि वर बरंच बोलणं चाललंय. म्हणून काय झालं ते सांगतो.

रागाचं कारण मोहाची झाडं. आमच्यात मोह कुणाच्या मालकीचा नसतो. फागुन लागला की झाडाखालचा पाला झाडायचा, जाळायचा, जागा साफ करायची. ज्यानं झाडली, त्या वर्षी फुलं त्यानं वेचायची. जनी सात झाडांखाली झाडायची. तिच्या आधी माझी आईही तीच सात झाडायची. पण कोणी ‘माझं झाड’ म्हणत नव्हतं. तसं बोलायची लाज होती.

मोजणीला साहेब आले तेव्हा मला विचारलं, “ही झाडं कोणाची?”

मी म्हणालो, “देवाची.”

दुसरं काय म्हणणार? साहेबांनी लिहिलं, सरकारी. मी सही केली. सही येत होती तेवढ्यासाठी सगळ्यांनी मलाच पुढं केलं होतं. मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं. अख्ख्या पाड्याचे मोह एका सकाळीत सरकारचे झाले.

जनी घरी म्हणाली, “देवाचं नाव घेतलंस आणि सरकारला देऊन आलास. देव काय तलाठ्याकडं जाऊन बसतो का?”

माझा आजा सांगायचा, गोऱ्या साहेबानं कागदावर रेघ मारली आणि रेघेपलीकडचं रान एका दिवसात चोरीचं झालं. तोडली काटकी की दंड. गोरा गेला. रेघ कुणी पुसली नाही. आपलीच माणसं तिच्यावर येऊन उभी राहिली, मराठीत बोलायला लागली, एवढाच फरक.

नाशिकजवळ आम्हाला जमीन दिली ती पाणथळ. तिच्यात लव्हाळा सोडून काही आलं नाही. मग द्राक्षबागेत मजुरी. जनी डिपिंगला जायची. द्राक्षाचा एकेक घड औषधाच्या डब्यात बुडवून काढायचा, दिवसभर, हात वर करून. बोटांची सालं निघायची. चांगला माल एक्सपोर्टला, बाहेरदेशी. गळलेला आम्हाला. मालक वाईट नव्हता, चहा द्यायचा. बागेत धरणाची पाईपलाईन आली तेव्हा जनीनं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि मुकादमाला म्हणाली, “हे माझ्या घरावरचं पाणी हाय. जपून वापर.” मुकादम हसला. ती हसली नाही.

मग आम्ही कारखान्यांच्या मागं खोली घेतली. पोरगा काशिनाथ कंपनीत लागला, कंत्राटावर. डोंगरावर असताना आम्ही गरीब आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. इथं फॉर्म भरताना कळलं.

जनीला आधी खोकला, मग ताप, मग गेली. शेवटच्या दिवसांत एकच बोलायची, “मला गंगेत नको टाकू. वर ने.” गंगा म्हणजे इथली गोदावरी. मी हो म्हणालो. बाकी कशाचा तिनं माझ्याकडं कधी हट्ट केला नव्हता.

काशिनाथ ऐकेना. “बा, अख्खा देश रामकुंडावर अस्थी घेऊन येतो. आपण इथले असून बाहेर न्यायच्या? लोक हसतील.”

“हसू दे,” मी म्हणालो, मडकं पिशवीत घातलं आणि एसटी धरली.

आमचा पाडा पाण्याखाली, म्हणून आधी धरणावर गेलो. तिथं वॉचमननं अडवलं. माझ्याच वयाचा, बरा माणूस. “बाबा, आत काही टाकता येणार नाही. पिण्याचं पाणी आहे.”

“कोणाच्या?”

“शहराच्या.”

“मी शहरातनंच आलो. माझी हरकत नाय.”

तो हसला, पण आडवाच उभा राहिला. पलीकडं रिसॉर्टच्या होड्या पाण्यात फिरत होत्या. लाल-पिवळी जाकिटं घातलेली माणसं ओरडत होती. त्यांचं चालतं. मी त्याच्याशी भांडलो नाही. भांडण करायला आत काही लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. ती गेली त्या दिवसापासून माझं सगळं असं, पाय बधिर होतो तसं.

मग डोंगर चढलो. जनीचा भाऊ लहानू वर राहतो. ट्रकात बसला नाही तो. खाली एवढं धरण दिसतं आणि त्याच्या घरात हंड्यानं पाणी येतं, चिखल तुडवून आणलेलं. मला बघून ओरडला, “या दाजी! शहराचं पाणी आटलं का? भरायला आलात?” मग पिशवी बघितली आणि दोन्ही हातांनी उतरवून घेतली.

मी सगळं सांगितलं. सही केली तेही, वर राहिलेल्या वीस जणांपुढं. लहानू म्हणाला, “ते आम्हाला तेव्हाच कळलं. ताईच एवढी रागावली होती म्हणून तुम्हाला कोणी बोललं नाय.”

त्यानं कुदळ घेतली. नागलीच्या वावराच्या कडेला, जिथून खालचं पाणी दिसतं, तिथं खणायला लागला. मी म्हणालो, “ही जागा जंगल खात्याची. वनहक्काचा दावा अजून लटकलाय तुझा. उद्या येऊन त्रास देतील.”

“येऊ दे. सांगू, बाई आमची हाय. जमीन तुमची म्हणता ना? मग उचला तुम्हीच, तुमच्या हातानं.”

बाया हसल्या. जनीला तसं बोलणं आवडलं असतं. मडकं मी ठेवलं, माती लहानूच्या बायकोनं लोटली. वर दगड बसवला. मला रडू आलं नाही. भूक लागली होती, भाकरी खाल्ली.

निघताना बघितलं, लहानू त्या दगडाच्या बाजूला दुसरा दगड टेकवत होता. शेंदूर नाही, काही नाही. मी विचारलं, “हा कशाला?”

“तुमची जागा धरून ठेवतो. नायतर इथं कोणीतरी तंबू ठोकील.”



आता खोलीवर राहतो. काशिनाथ माझ्याशी बोलतो, पण कमी. पत्ता विचारला की मी नाशिकचा सांगतो, आधारवर तोच आहे. घर कुठं असं कुणी विचारलं तर वरचं सांगायचं, असं ठरवलंय. अजून कुणी विचारलं नाही.