काका कोणाकडे?

कामावर असताना मावशीला धड बसलेली कुणी पाहिली नव्हती. बसलीच तर खुर्चीच्या कडेवर, एक पाय पुढे, कान दाराकडे. तिचा नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, ही घरी जेवायला बसली तरी आधी डोकी मोजते, आणि आमच्या घरात डोकी दोनच.

ती ज्या घरात काम करायची ते गल्लीतलं एक साधं बैठं घर होतं. एका संस्थेने भाड्याने घेतलेलं. बौद्धिक अक्षमता असलेली पाच मोठी माणसं तिथे एकत्र राहायची. कुणाला आंघोळ एकट्याने जमत नसे, कुणाला औषधं, कुणाला रस्ता ओलांडणं. पाचहीजण तिला मावशी म्हणत. त्यांच्यातल्या बाईसाहेब पन्नाशीच्या होत्या आणि बाईसाहेब म्हटल्याशिवाय ओ देत नसत. एकाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो कानावर पडलेलं शेवटचं वाक्य मोठ्याने परत म्हणायचा. दोघी बहिणी एकमेकींचा हात सोडत नसत. आणि काका.

काकांना उघडं दार बघवत नसे.

या घरात येण्याआधी त्यांचं बहुतेक आयुष्य शहराबाहेरच्या एका मोठ्या संस्थेत गेलं होतं. तिथे संध्याकाळी व्हरांड्यातून फिरत सगळ्या खोल्यांची दारं लावायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यामुळे दार लावायचं ते बाहेरून, हे त्यांच्या हाताला बसलं होतं. घराचं दार उघडं दिसलं की ते उठायचे, बाहेर जायचे आणि दार ओढून घ्यायचे. मग बाहेरच राहायचे. गल्लीच्या टोकाला हमरस्ता होता. भरधाव गाडी म्हणजे काय, हे काकांना कळत नव्हतं.

पूर्वी मावशीबरोबर आणखी एक बाई कामाला असायची. सगळे तिला थोरली म्हणत. तिनेच मावशीला हे काम शिकवलं. तिचा एक शिरस्ता होता. नुसतं ‘लक्ष ठेव’ म्हणायचं नाही, माणूस हातात द्यायचा. आंघोळघरात जाताना म्हणायचं, ‘काका तुझ्याकडे.’ समोरचीने काकांकडे बघून म्हणायचं, ‘काका माझ्याकडे.’ हे ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. मावशीला आधी हसू यायचं. मग सवय झाली.

थोरलीचे गुडघे गेले आणि तिने काम सोडलं. तिच्या जागी कुणीतरी येणार होतं. संस्थेचा सुपरवायझर दर वेळी सांगायचा, येतंय, येतंय. कुणी आलं नाही. दिवसभर पाच माणसं आणि एकटी मावशी. शेवटी तिने दाराला आतून उंचावर एक कडी बसवून घेतली. अशा घरात माणसांना कोंडून ठेवायचं नाही हा नियम तिला ठाऊक होता. नियम बरोबर आहे हेही ठाऊक होतं. कडी लावून गॅस पेटवला की तिला आगीची भीती वाटायची, कडी काढली की काकांची. दोन्ही भीतींना एकेक हात देऊन ती दिवस काढायची.

अशात तपासणीचा दिवस ठरला. सरकारी अधिकारी येणार, घर बघणार. पसंत पडलं नाही तर परवाना जाणार, आणि पाचहीजणांची रवानगी पुन्हा त्या मोठ्या संस्थेत. सुपरवायझर आदल्या दिवशी येऊन कडी काढून गेला. स्क्रूची भोकंही त्याने पुट्टी भरून बुजवली. दार उघडं ठेवा, हवा खेळती दिसली पाहिजे, असं त्याने बजावलं. सकाळी संस्थेच्या दुसऱ्या घरांमधून तीन माणसं उसनी आली. कागदावर जेवढी हवीत तेवढी माणसं एकदाची घरात दिसली.

मावशीने तिघांना बाजूला घेऊन काकांबद्दल सांगितलं. थोरलीचा शिरस्ताही सांगितला. एकजण हसला. एकीने मान डोलावली. तिसरीची नजर मोबाइलमध्ये होती. सुपरवायझर म्हणाला, मावशी, आज चार-चार माणसं आहेत, आज तरी जिवाला घोर लावून घेऊ नका. मावशीला ते पटायला हवं होतं. पटत नव्हतं.

अधिकारी बाई आल्या. वयाने बऱ्याच मोठ्या, हातात पिशवी, चालताना जरा लंगडत. त्या स्वयंपाकघर बघत असताना, घरात एवढी अनोळखी माणसं पाहून बाईसाहेब बिथरल्या आणि कपडे खराब करून बसल्या. दुसऱ्या कुणाचा हात त्या लावून घेत नसत. मावशीने त्यांना उठवलं आणि घरातल्या बोळातूनच हाक दिली, “काका तुमच्याकडे.”

बैठकीच्या खोलीतून आवाज आला, “हो.”

नुसता हो. मावशी थबकली. पण बाईसाहेब हात ओढत होत्या, आणि आतून सुपरवायझर डोळ्यांनी खुणावत होता, चला, चला. ती गेली.

बाईसाहेबांना कोरडे कपडे घालून ती परत आली, तेव्हा पुढचं दार बंद होतं. दुसऱ्या कुणाला बंद दार बघून बरं वाटलं असतं. मावशी दारापाशी धावली. दार नीट, पुरतं, बाहेरून ओढलेलं होतं. खिडकीजवळची काकांची खुर्ची रिकामी होती.

उसने तिघे खोलीतच होते. एक पाणी देत होता, एक बहिणींना चित्रं दाखवत होती, एक हसतमुखाने उभी होती. तो ‘हो’ कोण म्हणालं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिघांनाही वाटलं होतं, दुसऱ्याचं लक्ष आहे.

मावशीने सुपरवायझरच्या कानाशी जाऊन विचारलं, काका कोणाकडे आहेत. तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, नंतर बघू.

“काका कोणाकडे आहेत?” शेजारीच बसलेला रेडिओ खणखणीत म्हणाला.

अधिकारी बाईंनी कागदांवरून मान वर केली. सुपरवायझर हसला. हा काहीही बोलतो, मॅडम, तुम्ही चालू द्या, असं म्हणून त्याने पुढचा कागद सरकवला. बाईंनी पेन उचललं.

मावशीला वाटलं, गुपचूप निसटावं, शोधून आणावं, कुणाला पत्ता लागू नये. घर वाचेल. पण गल्लीला दोन तोंडं होती आणि ती एक होती.

“तो काहीही बोलत नाही,” ती म्हणाली. “काका घरात नाहीत. मला माणसं हवीत शोधायला.”

मग तिने उत्तराची वाट पाहिली नाही. एकाला तिने मागच्या तोंडाला पिटाळलं, दोघींना घरात थांबवलं आणि स्वतः पायांत आली ती चप्पल घालून बाहेर पडली.

सकाळी या गल्लीतली फाटकं उघडीच असत. ज्याला त्याला कामावर जायची घाई. आज डावीकडची उघडी होती. उजवीकडची मात्र ओळीने बंद. मावशी बंद फाटकांच्या बाजूने धावत सुटली. मध्येच एक गृहस्थ दोन्ही हातांत सामान घेऊन गाडीमागे उभे होते. आत्ता उघडलेली डिकी एक भला माणूस येऊन बंद करून गेला, असं ते बायकोला सांगत होते, आणि किल्ली डिकीतच राहिल्यामुळे बायको ज्या नजरेने बघत होती, ती नजर चुकवत होते. मावशीने विचारलं, कुठे गेला. त्यांनी हनुवटीने हमरस्ता दाखवला.

बंद फाटकं संपली. पुढे रस्ताच.

काका थांब्यावरच्या बसपाशी होते. फुटपाथवर नव्हे, खाली रस्त्यावर; बस फुटपाथ सोडून मध्येच थांबली होती. बसचं दार उघडं होतं आणि ते बाहेरून जोर लावून लावत होते. दार हलत नव्हतं. कंडक्टर ओरडत होता. मधल्या फटीतून काकांच्या पाठीला घासून गाड्या जात होत्या. कुणी ओरडलं की काका मागे सरकत, हे मावशीला माहीत होतं. मागे सरकायला जागा नव्हती.

तिने हाक मारली नाही. ती चालत गेली. छाती भात्यासारखी हलत होती, तरी आवाज रोजचा ठेवला.

“काका, आपलं दार उघडं राहिलंय.”

काकांनी बस सोडली. लगेच. कपाळाला आठ्या घालून तिच्यासोबत निघाले. आपण काकांचं मनगट किती घट्ट धरलंय हे मावशीला कोपऱ्यावर आल्यावर कळलं.

तिथे अधिकारी बाई लंगडत पोचल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, रोज किती माणसं असतात. मावशीने सांगितलं, मी. कडी लावता का, हेही त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणाली आणि पुट्टी भरलेली भोकं कुठे आहेत तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, हे दोन्ही मला लिहावं लागेल. मावशीने मान हलवली. काका दिसेल ते फाटक तपासत होते.

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, “हे घर बंद पडलं ना मावशी, तर तुमच्या तोंडामुळे.”

तिलाही तेच वाटत होतं. पुढचे काही आठवडे ती रोज गल्लीच्या कोपऱ्यावरूनच घराला कुलूप दिसतंय का बघायची, आणि मगच पुढे पाऊल टाकायची.

शेवटी हुकूम आला. कडी नको, आणि महिन्याच्या आत दुसरं कायमचं माणूस हवं. नाहीतर परवाना रद्द. महिना संपत आला तेव्हा एक मध्यमवयीन बाई आली. आधी पाळणाघरात काम केलेली, हसरी. मावशीने तिला सगळं सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांची आंघोळ. दार उघडं होतं. काका खुर्चीच्या कडेवर आले होते.

“काका तुझ्याकडे,” मावशी म्हणाली.

“हो.”

मावशी हलली नाही. खांद्यावर टॉवेल तसाच. आतून बाईसाहेब हाका मारत होत्या. नव्या बाईने चमकून तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ती उठली, काकांच्या आणि दाराच्या मध्ये खुर्ची ओढून बसली.

“काका माझ्याकडे.”

मावशी आंघोळघरात गेली. नळ सोडला. पाणी गार की गरम ते बघितलं. मग नळ बंद करून कान दिला.

“काका माझ्याकडे,” बाहेर रेडिओ म्हणत होता.

ओल्या हातांनी ती बोळाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. दार अजून उघडं होतं.